सोसायटीच्या बागेची किंमत किती? एका मूल्यांकनकाराचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पश्चिम भागातली 120 फ्लॅटची जुनी सोसायटी. भूखंड साधारण 10,000 चौरस मीटर, मधोमध 1,000 चौरस मीटरची बाग, त्यात इमारतींच्याही आधीपासूनची दोन आंब्याची झाडं. माळी, पाणी, खत, किरकोळ दुरुस्ती धरून बागेवर महिना 30,000 रुपये जातात. पार्किंग पुरत नाही. काही सभासदांचं म्हणणं, बागेत पेव्हर घाला, 35 गाड्या बसतील, महिना 1,500 रुपये भाडं लावा. फ्लॅटचा चालू भाव साधारण 90 लाख. सेक्रेटरी विचारतात : "बागेला खरंच आर्थिक मूल्य आहे का? असेल तर रुपयांत सांगा. झाडं म्हणजे प्राणवायू वगैरे सभेत चालत नाही."

रुपयांतच सांगतो. मूल्यांकनाच्या धंद्यात केस पिकले, त्यामुळे तीच भाषा मला जवळची.

आधी एक गोष्ट. बाग सभेत हरते याचं कारण तिला मूल्य नसतं हे नाही. खर्च एका जागी दिसतो आणि फायदा 120 जागी विखुरलेला असतो, हे आहे. माळ्याच्या व्हाउचरवर दर महिन्याला तुमची सही होते. उलट बागेची मिळकत प्रत्येक घराच्या किमतीत थोडी थोडी मुरलेली असते. ती हाती येते फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना, आणि तेव्हाही 'बागेपोटी जमा' अशी वेगळी ओळ कुणाच्या पासबुकात उमटत नाही. खजिनदाराच्या ताळेबंदात तर ती कधीच येणार नाही. तेव्हा ताळेबंद पुढे करून जो बोलेल त्याच्याशी त्या ताळेबंदावरून भांडू नका. हिशोबाची वही मोठी करा.

सरकारी कागदही इथे फारसे कामाला येत नाहीत. रेडीरेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठीचा सरकारी दरतक्ता, विभाग बघतो, बांधकामाचं वय बघून घसारा लावतो, लिफ्टच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांना टक्केवारीने दर वाढवतो. खिडकीतून आंबा दिसतो की समोरच्या विंगचे ड्रेनेजचे पाइप, हे त्याला कळत नाही. बँकेच्या मूल्यांकन अहवालातही 'गार्डन फेसिंग' हा एका ओळीचा शेरा असतो. म्हणजे स्टॅम्प ड्युटी भरताना बाग फुकट, आणि बिल्डरकडून घेताना त्याच बागेपोटी चौरस फुटामागे जादा रक्कम. दोन्ही टोकांच्या मध्ये खरा आकडा कुठेतरी असतो.

तो शोधायची रीत अर्थशास्त्रात जुनी आहे. हजारो विक्रीव्यवहार घ्यायचे, प्रत्येक घराचं क्षेत्रफळ, वय, मजला, शाळा-स्टेशनपासूनचं अंतर मांडायचं, आणि हे सगळं सारखं असताना केवळ हिरवळीमुळे किमतीत किती फरक पडतो ते संख्याशास्त्राने वेगळं काढायचं. या पद्धतीला हेडॉनिक प्राइसिंग म्हणतात. शेर्विन रोझेन यांनी 1974 मध्ये तिची पक्की मांडणी केली.

त्यातून निघालेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये सांगितलं की सार्वजनिक हिरव्या जागेच्या 100 मीटरच्या आत असलेली घरं, 500 मीटरपेक्षा लांब असण्याच्या तुलनेत, सरासरी 2,500 पौंडांनी महाग असतात. म्हणजे जेमतेम 1.1 टक्का. फिनलंडमधल्या सालो गावात जंगलाचा देखावा असलेलं घर 4.9 टक्के महाग निघालं. चीनच्या ग्वांगझूमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच दाटीच्या, फ्लॅटच्या शहरात, हिरवा देखावा 7.1 टक्के भाव वाढवतो असं 2006 मध्ये आलं. अमेरिकेत जॉन क्रॉम्प्टन यांनी जुने-नवे अभ्यास एकत्र वाचून असा अंदाज बांधला की शांत, झाडीच्या उद्यानाला लागून असलेल्या घराला 20 टक्क्यांपर्यंत जादा भाव धरायला हरकत नाही. हा शेवटचा आकडा बिल्डरांच्या माहितीपत्रकांना फार आवडेल. पण तो तिकडच्या स्वतंत्र घरांचा आणि नीट राखलेल्या उद्यानांचा आहे. सोसायटीच्या बागेसाठी तो वापरणारा मूल्यांकनकार भेटला तर दुसरा शोधा.

तुमच्या सभेसाठी यातला सर्वांत उपयोगी अभ्यास अमेरिकेतल्या पोर्टलंडचा आहे. डोनोव्हन आणि बट्री यांनी 2010 मध्ये रस्त्याकडेच्या झाडांचा हिशोब केला. झाडांमुळे घराची किंमत सरासरी 8,870 डॉलरनी वाढते आणि घर 1.7 दिवस लवकर विकलं जातं. पण मुद्दा पुढचा आहे. झाडाचा फायदा शेजारच्या घरांकडेही वाहत जातो, आणि तिथे झाड लावण्या-जोपासण्याचा भार मात्र समोरच्या घरमालकावर. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा की हे एकेकट्या मालकावर सोडलं तर गावाला हवी तितकी झाडं कधीच लागणार नाहीत. तुमच्या सोसायटीत बागेपासून लांबची डी विंग 'आम्ही का भरायचं' म्हणते ना, तोच हा प्रकार.

हे ओळखून पैसा उभा करणारी शहरंही होती. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कभोवतीच्या तीन वॉर्डांतल्या मिळकतींचं करमूल्य 1856 मध्ये 2 कोटी 64 लाख डॉलर होतं, ते 1873 मध्ये 23 कोटी 60 लाखांवर गेलं. वाढीव करातून उद्यानाचं कर्ज फिटतं, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. (त्याच काळात सगळं न्यूयॉर्क फुगत होतं, त्यामुळे त्यातलं किती उद्यानाचं आणि किती शहराचं, हे कुणी छातीठोक सांगू नये.) आपल्याकडे मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दादर-माटुंग्याची आखणी करताना रुंद रस्ते, झाडं आणि फाइव्ह गार्डन्ससारख्या मोकळ्या जागा आधी ठेवल्या आणि भूखंड भाडेपट्ट्याने दिले. त्या बागांच्या कडेच्या गल्ल्यांतून आज भाव विचारत फिरा. शंभर वर्षांपूर्वी भूखंड न पाडता मोकळी ठेवलेली जमीन आजूबाजूच्या भूखंडांना अजून भाव मिळवून देते आहे.

आता तुमचा हिशोब. 120 फ्लॅट, प्रत्येकी 90 लाख, म्हणजे सगळी मालमत्ता 108 कोटींची. बाग गेल्याने भाव 1 टक्क्याने जरी उतरला तरी 1 कोटी 8 लाख गेले.

दुसऱ्या पारड्यात पार्किंग. 35 गाड्या, दीड हजार भाडं, वर्षाला 6 लाख 30 हजार. शिवाय बागेचे 3 लाख 60 हजार वाचले. एकूण 9 लाख 90 हजार. एवढं उत्पन्न 8 टक्के परताव्याने द्यायला किती भांडवल लागेल? साधारण 1 कोटी 24 लाख. त्यातून खोदाई, खडी, पेव्हरचे 8-9 लाख वजा केले की राहिले 1 कोटी 15 लाख.

म्हणजे काय झालं? बागेमुळे भाव 1 टक्क्याहून जरा जास्त वाढत असेल तर बाग जिंकते, त्याहून कमी असेल तर पार्किंग. आणि ब्रिटनचा आकडा आहे 1.1. काटा जवळजवळ मध्यावर! हे मी मुद्दाम लपवत नाही. पेव्हरवाले सभासद मूर्ख नाहीत. त्यांनी हा हिशोब नीट मांडला तर तुम्हाला 'बाग परवडते' हे नुसत्या आवाजावर सिद्ध करता येणार नाही. तुमच्याकडे गाड्यांची टंचाई खरी आहे, आणि पार्किंग नसलेला फ्लॅटही उतरत्या भावानेच जातो.

पण हा सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे : सोसायटीला ती जागा पार्किंगला वापरायचा हक्क आहे. तो बहुधा नाही.

भूखंड मोठा असेल तर ले-आउट मंजूर करतानाच मोकळी जागा सोडायची अट असते. आजच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायची आहे. जुन्या पुणे नियमावलीतही ओपन स्पेसची अट होतीच. 10,000 चौरस मीटरच्या भूखंडात 1,000 ची बाग हा योगायोग नव्हे. ती बाग बिल्डरची हौस नव्हती, ती त्याच्या परवानगीची अट होती. मंजूर नकाशात ती ओपन स्पेस म्हणून दाखवलेली असेल तर सर्वसाधारण सभेच्या बहुमताने तिचं पार्किंग होत नाही. बी विंगमधला एक जरी सभासद महापालिकेकडे गेला तरी पेव्हर उखडायचा खर्च सोसायटीच्या माथी बसेल.

झाडांचं आणखी वेगळं. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा 1975 चा. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय खासगी जागेतलं झाडही तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांच्या आणि त्यापुढच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवलं, आणि तोडायचं झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. तुमचे आंबे साठीचे असतील तर दोघांची मिळून 120 झाडं. ती लावणार कुठे? पार्किंगमध्ये?

तेव्हा पार्किंगचा रकाना खोडा. खरी निवड बाग की पार्किंग अशी नाही. राखलेली बाग की उजाड बाग, ही आहे. आणि इथे हिशोब एकदम सोपा होतो. वर्षाचे 3 लाख 60 हजार भागिले 120, म्हणजे फ्लॅटमागे 3,000 रुपये, महिन्याला 250. वर्षाला 3,000 रुपये खर्च 8 टक्क्यांनी भांडवलात मांडला तर 37,500. फ्लॅटच्या 90 लाखांशी ताडून पाहिलं तर 0.42 टक्का. राखलेल्या बागेने भाव अर्धा टक्का जरी उचलला तरी खर्च निघाला. मी पाहिलेल्या अभ्यासांतला सर्वांत कंजूष आकडाही याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे.

तरी परदेशातल्या टक्केवारीवर सभा मानणार नाही, आणि मानूही नये. तुमचाच आकडा काढा. दोन रविवारांचं काम आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या इमारतीचे व्यवहार शोधता येतात, सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, पाहायला मिळते. गेल्या चार-पाच वर्षांतले तुमच्या चारही विंगमधले आणि जवळच्या, बाग नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या एक-दोन सोसायट्यांमधले व्यवहार वहीत उतरवा. नातेवाइकांतले व्यवहार, बक्षीसपत्रं, हक्कसोड बाजूला काढा. मग जोड्या लावा : सारखं कार्पेट क्षेत्र, मजला दोन-तीनच्या फरकात, व्यवहार एकाच वर्षातला. एकात झाकलेलं पार्किंग आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तेवढी रक्कम आधी वजा करा. बहुतेक घोटाळा इथेच होतो आणि पार्किंगचा भाव बागेच्या नावावर जमा होतो. व्यवहार करारात अख्खे दाखवलेले नसतात हे तुम्हालाही माहीत आहे, पण दोन्हीकडे तीच सवय असल्याने फरकाची दिशा तरी कळते. भाडेकरारही नोंदणीकृत असतात. ते जास्त प्रामाणिक असतात, असं माझं मत. जोड्या सात-आठ मिळाल्या तरी सभेत ठेवण्याजोगा तक्ता होतो.

जोड्या लावताना एक गंमत दिसेल. बागेला अगदी खेटून असलेले तळमजल्याचे फ्लॅट कधीकधी महाग नसतात, उलट थोडे पडेल भावाने गेलेले असतात. घसरगुंडीच्या शेजारी बेडरूम असली की दुपारची झोप संपली. क्रिकेटचा चेंडू, डास, सकाळी सहाचा हास्यक्लब, लग्नाच्या हंगामात कुणाच्या तरी हळदीचा स्पीकर. मोठ्या मैदानांचंही तसंच. दादरचं शिवाजी पार्क हे मुंबईतल्या सर्वांत मानाच्या पत्त्यांपैकी एक. मैदानाकडे तोंड असलेल्या घराला भाव आहेच. पण त्याच घरांतले लोक लाल मातीच्या धुळीसाठी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत, आणि सभांच्या आवाजावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2010 मध्ये तो भाग शांतता क्षेत्र ठरला. हिरवळ आणि तिचा उपद्रव दोन्ही किमतीत उतरतात. हाती लागतो तो निव्वळ फरक. खूप वरच्या मजल्यांची गोष्ट आणखी निराळी. दहाव्या मजल्यावरून बाग पाहायला कठड्यावरून वाकावं लागतं. तिथे बिल्डरने 'गार्डन व्ह्यू' म्हणून पैसे घेतले असतील तर ते खरं म्हणजे समोर इमारत नसल्याचे पैसे आहेत. माझ्या अंदाजाने दुसरा ते पाचवा मजला हा बागेचा खरा धनी : झाडाचा शेंडा खिडकीशी, आवाज जरा खाली, आणि पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात सावली. सावलीचे पैसे वेगळे मोजायचे असतील तर एकाच विंगमधल्या सावलीतल्या आणि उन्हातल्या दोन फ्लॅटची एप्रिल-मेची वीजबिलं मागून घ्या. एसी दोन्हीकडे असायला हवा, एवढीच अट.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण यावर दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं. बागप्रेमी म्हणतात, बागेत पाणी मुरतं, बोअर भरते, टँकर वाचतो. मोजून पाहू. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 1,000 चौरस मीटरवर 7 लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 70 टँकर. त्यातलं पाव मुरलं असं समजा, 17-18 टँकर. तेही तुमच्याच बोअरला मिळेल याची खात्री नाही, कारण आपल्या पायाखाली बसाल्टचा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांतून वाट फुटेल तसं जातं, शेजाऱ्याच्या बोअरलाही.

आता दुसरी बाजू. नुसतं लॉन असेल तर उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरला दिवसाला 5 लिटर तरी पाणी लागतं. पूर्ण 1,000 चौरस मीटर लॉन असेल तर रोज 5,000 लिटर. फेब्रुवारी ते मे, 120 दिवस : 6 लाख लिटर, 60 टँकर. मुरलं 17 टँकर, प्यालं 60. म्हणजे तुमची बाग पाणी वाचवते की खाते, हे बागेवर नाही, बागेत काय लावलंय यावर ठरतं. तुमच्या 30,000 मधला पाण्याचा वाटा वेगळा काढा. मला खात्री आहे, मोठा हिस्सा लॉनचा निघेल. लॉन चार-पाच माणसं बसतील एवढ्या तुकड्यापुरतं ठेवा. बाकी ठिकाणी बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, करंज; ही झाडं दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे फार मागत नाहीत. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प असेल आणि तो खरंच चालू असेल, तर बागेला नळाचं पाणी देणं हा निव्वळ वेडेपणा. कोनोकार्पसच्या नादी लागू नका. भिंतीसारखं भराभर वाढतं म्हणून नर्सरीवाले गळ्यात मारतात, पण गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही. गुलमोहर दिसतो देखणा. पार्किंगजवळ मात्र नको. मुळं वरवर असतात आणि वळवाच्या पहिल्याच वादळात फांदी कुणाच्या तरी बॉनेटवर येते. मग नुकसानभरपाईच्या भांडणात बागेची सगळी किंमत सभेत एका दिवसात शून्य होते. पावसाळ्याआधी परवानगी घेऊन छाटणी करा, त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा.

पेव्हरच्या बाजूचं खोटं असं की 'पेव्हरमधूनही पाणी मुरतं'. नीट खडीच्या थरावर, सांधे मोकळे ठेवून बसवले तर थोडं मुरतं; आपल्याकडे खाली सिमेंटचा कोबा घालून वर पेव्हर बसवतात. मग ते सगळं पाणी तुमच्या गेटकडे, रस्त्यावर, आणि रस्ता उंच असेल तर स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने कात्रज-सहकारनगर पट्ट्यात काय केलं ते पुणेकरांनी पाहिलं आहे. त्याला ओढ्यावरची अतिक्रमणं आणि एका रात्रीचा अफाट पाऊस ही मोठी कारणं होती, एखाद्या सोसायटीचे पेव्हर नव्हेत. पण वरची प्रत्येक कडक झालेली जमीन त्या लोंढ्यात आपापली बादली ओततेच, आणि लिफ्टचा खड्डा एकदा भरला की दुरुस्तीचं बिल तुमच्या माळ्याच्या वर्षभराच्या पगाराशी स्पर्धा करतं.

एक छोटी जमेची बाजूही आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल पुनर्भरण यांपैकी एक केलं तर मिळकतकरात 5 टक्के, दोन किंवा अधिक केले तर 10 टक्के सवलत देते. बागेतला पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा एकत्र जिरवायला बागेइतकी सोयीची जागा नाही. सवलत 120 घरांना लागू झाली तर बागेच्या खर्चाचा एक तुकडा तिथूनच निघतो. प्रकल्प नुसता कागदावर ठेवू नका, तपासणी होते.

सोसायटीबाहेरच्या हिरवळीबद्दलही सांगतो, कारण तुमच्या डी विंगच्या लोकांनी टेकडी दिसते म्हणून फ्लॅट महाग घेतल्याचं तुम्ही लिहिलंय. देखाव्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते : आज काय दिसतं, आणि ते किती वर्षं दिसत राहील याची खात्री. दुसरी गोष्ट गिऱ्हाईक विचारतच नाही. विकास आराखड्यात समोर हिरवा ठिपका, म्हणजे बागेचं आरक्षण, आहे म्हणून बाग होणारच असं नाही. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. मग तिथे तुमच्या बाल्कनीसमोर बारा मजले उभे राहायला वेळ लागत नाही. पुण्यात 1997 साली हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे, पण मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे नेण्याचा वाद तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. तेव्हा टेकडीच्या देखाव्यापोटी पैसे मोजताना झोन दाखला आणि विकास योजना अभिप्राय (त्या जागेचा आराखड्यात ठरलेला वापर सांगणारे कागद) दोन्ही काढा, जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का ते विचारा. ताब्यात आलेली, कुंपण घातलेली बाग आणि नकाशावरची बाग यांच्या भावात फरक करा. मी अहवालात करतो. कोर्टाने हिरव्या जागेची बाजू घेतल्याचीही उदाहरणं आहेत. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये, मुद्दप्पा खटल्यात, रद्द ठरवला. ते भांडण लढले होते शेजारचे रहिवासी. पण भाव ठरवताना असल्या लढाईचा खर्च आणि काळही धरावा लागतो.

आता, माझ्या हिशोबात न बसणारी माणसं. जो कधी विकणार नाही, अशा पेन्शनीतल्या सभासदाला वाढलेला भाव कागदावरच राहणार. त्याला महिन्याचे 250 रुपये हा खर्चच आहे. त्याचा परतावा सकाळच्या फेरीत आणि बाकावर आहे, म्हणून बाक मोडका ठेवू नका. भाडेकरूला तर बाग महागच पडते, कारण तिच्यामुळे भाडं वाढतं आणि भाववाढ मालकाची. आणि शहराच्या पातळीवर पाहिलं तर हिरव्या, महाग होत गेलेल्या वस्तीतून घरकामाच्या बायका आणि वॉचमन लांब-लांब फेकले जातात. म्हणून वाढलेली घरांची किंमत म्हणजे शहराला झालेला नफा, असं समीकरण मांडणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही. त्यातला बराच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. मुरलेलं पाणी, थंड राहिलेली भिंत, मुलांना मिळालेली खेळायची जागा हा खरा जादा नफा. तो रुपयांत मांडायला सर्वांत अवघड, म्हणून मी वर भावापासून सुरुवात केली.

सभेसाठी काय करायचं ते सांगतो. पार्किंगची अडचण बागेच्या विषयापासून वेगळी काढा, अजेंड्यावर दोन स्वतंत्र विषय ठेवा. पार्किंगमध्ये आधी बंद पडलेल्या, वर्षानुवर्षं न हललेल्या गाड्या मोजा; प्रत्येक जुन्या सोसायटीत त्या निघतातच. स्टिल्टमध्ये पट्टे नव्याने आखले तर काही जागा सुटतात, दुसऱ्या गाडीला चढता दर लावला तर आणखी काही. एवढं करूनही भागलं नाही तर यांत्रिक पार्किंगचं कोटेशन मागवा, अग्निशमनाची वाट अडणार नाही हे बघून. बागेच्या विषयात 30,000 चा तुकड्या-तुकड्यांत तपशील द्या : माळी किती, पाणी किती, खत किती. पुढे फ्लॅटमागचे 250 रुपये, 0.42 टक्का हा आकडा आणि तुमच्या जोड्यांचा तक्ता. लॉन कमी करून खर्च किती उतरतो तेही मांडा, म्हणजे विरोधकांच्या पदरात काहीतरी पडेल. झाडांच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी ठेवायचा ठराव त्याच सभेत करून घ्या, नाहीतर पुढची कमिटी सुशोभीकरणाच्या नावाखाली आंब्याच्या गळ्यापर्यंत काँक्रीट आणेल.

आणि सगळ्यात आधी मंजूर ले-आउटची प्रत. सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात अर्ज करा, हलत नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्यात ती जागा काय म्हणून दाखवली आहे, यावर वरचा अर्धा युक्तिवाद उभा आहे. उत्तर यायला महिना लागू शकतो, म्हणून सभेची नोटीस काढण्याआधी अर्ज टाका.